'काही नाही' हे निदान नव्हे

"रिपोर्ट नॉर्मल आहेत. काही नाही. टेन्शन घेऊ नका."

डोळ्यांच्या दवाखान्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्या माणसाला ही तीन वाक्यं मिळतात. डॉक्टर स्वभावाने चांगले असले तर हसून मिळतात, घाईत असले तर फाइल बंद करता करता मिळतात. माझी तक्रार तिन्ही वाक्यांबद्दल आहे. पहिलं अर्धंच खरं असतं. दुसरं बहुतेक वेळा खोटं असतं. तिसरा तर हुकूमच आहे, आणि तो पाळायचा कसा हे कुणी सांगत नाही.

मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याची होणारी खराबी, यांच्याबद्दल हा लेख नाही. त्यांना नावं आहेत, उपचार आहेत, सरकारी योजनाही आहेत. लेख आहे तो ज्यांना काहीतरी दिसतंय पण ज्यांच्या डोळ्यांत तपासणाऱ्याला काही दिसत नाही, अशा माणसांबद्दल. पांढऱ्या भिंतीवर तरंगणारे केस आणि ठिपके. अंधाऱ्या खोलीत, जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण संपलं की यायच्या तशा मुंग्या. वाचता वाचता ओळीचा मधलाच तुकडा गायब, मग त्या जागी चमचमणारी नागमोडी रेघ, आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही. मधूनच धुरकट, डोळे मिचकावले की पुन्हा स्वच्छ. ही माणसं आंधळी होत नसतात. पण आपण आंधळे होणार, किंवा डोक्यात गाठ असणार, या भीतीत त्यांची वर्षं जातात. त्या भीतीला जबाबदार कोण, असा माझा प्रश्न आहे. 'त्यांचा स्वभाव' हे उत्तर मला मान्य नाही.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायचं यंत्र, ऑफ्थॅल्मोस्कोप, १८५१ साली जगापुढे आणलं. त्याआधी जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा कुणी धडपणे पाहू शकत नव्हतं. त्या काळात युरोपातल्या डॉक्टरांमध्ये आंधळेपणाच्या एका प्रकाराची टवाळकी व्याख्या चालायची: ज्यात रोग्याला काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही, तो. यंत्र आलं आणि टवाळी जुनी झाली. पण आज तिची उलटी आवृत्ती रोज घडते. रोग्याला दिसतं, वैद्याला दिसत नाही. आणि यंत्राला जे दिसत नाही ते नाहीच, असं आपण मुकाट्याने ठरवून टाकलं आहे.

तर मग काय असतं?

डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. वय वाढतं तशी ही जेली पातळ होते, आकसते, तिच्यातल्या धाग्यांच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. ते तरंगणारे केस म्हणजे ही सावली. लॅटिनमध्ये यांना शेकडो वर्षांपासून 'उडत्या माश्या' म्हणतात, आपल्याकडच्या आज्याही 'डोळ्यापुढे माश्या' असंच सांगतात. ज्यांचा मायनस नंबर मोठा, त्यांना हे पन्नाशीची वाट न पाहता दिसू लागतं. निळ्या आकाशाकडे बघताना झपाझप पळणारे बारीक चमकते ठिपके दिसतात ते वेगळे. त्या आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत, पडद्यासमोरच्या केशवाहिन्यांतून धावणाऱ्या. जवळजवळ कुणालाही दिसू शकतात, लक्ष दिलं तर.

नागमोडी चमकती रेघ म्हणजे मायग्रेनची नांदी. तिला ऑरा म्हणतात. पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते आणि पुष्कळांना तिच्यानंतर डोकं दुखतच नाही. म्हणूनच त्यांना मायग्रेन हा शब्द सुचत नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही तर डॉक्टरांनाही सुचत नाही. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीला हे दिसायचं, त्याने १८६५ साली त्यावर लिहिलं. त्याचा डॉक्टर मुलगा ह्यूबर्ट यालाही दिसायचं. त्याने १८७० साली त्याची चित्रंच काढून ठेवली, किल्ल्याच्या तटबंदीसारखी दातेरी. ज्या गोष्टीची दीडशे वर्षांपूर्वीची चित्रं उपलब्ध आहेत तिला आज ठाण्यात 'काही नाही' म्हणतात.

आणि मुंग्या. इंग्रजीत याला 'व्हिज्युअल स्नो' म्हणतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, टीव्हीवर मुंग्या यायच्या, तेव्हा मुंग्याच बरं. याचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात १९९५ साली आलं आणि निदानाचे निकष २०१४ साली ठरले. डोळा ठीक असतो. मेंदू डोळ्याकडून आलेलं चित्र ज्या रीतीने गाळून घेतो त्यात फरक असतो. तपासणीत काही सापडत नाही, कारण सापडावं असं डोळ्यात काही नसतं. याने दृष्टी जाते असं कुठे आढळलेलं नाही.

यातली एकही गोष्ट 'काही नाही' नाही. प्रत्येकीला नाव आहे, यंत्रणा आहे, बऱ्याच वेळा निरुपद्रवी असण्याचं कारणही आहे. गंमत म्हणजे मराठी भाषेला या सगळ्याची जाण आहे. डोळ्यापुढे काजवे चमकतात, अंधारी येते, डोळे दिपतात. डोळा लवतो, तेव्हा तर आपण सरळ अर्थ लावतो: पुरुषाचा उजवा शुभ, बाईचा डावा शुभ. पापणीचा स्नायू थकव्याने, जागरणाने, चहा-कॉफीने फडफडतो हे खरं कारण. पण आजीच्या उत्तरात एक गुण होता जो नेत्रतज्ज्ञाच्या उत्तरात नाही. तुला जे होतंय ते होतंय, हे तिने आधी मान्य केलेलं असायचं.

आता हे 'काही नाही' येतं कुठून ते बघू. डॉक्टर दुष्ट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांना जे मोजायला शिकवलं ते ते मोजतात. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता १८६२ सालचा, डच डॉक्टर स्नेलनचा. सहा मीटरवरून शेवटच्या ओळी वाचता आल्या की ६/६. हा तक्ता एकच प्रश्न विचारतो: किती बारीक वाचता येतं? तुम्हाला काय दिसतं, हा प्रश्न तो विचारत नाही. मुंग्या दिसणारा माणूस त्या मुंग्यांमधून शेवटची ओळ बिनचूक वाचतो आणि परीक्षेत पहिला येतो.

देशपातळीवरही तेच. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने १९७६ साली सुरू केला, आणि त्याचं काम मोठंच आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या आंधळ्या माणसांपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूने आंधळी होती. ज्या देशात तीनातली दोन माणसं दहा-पंधरा मिनिटांच्या शस्त्रक्रियेअभावी आंधळी आहेत तिथे यंत्रणेने मोतीबिंदूमागे लागावं हे बरोबरच आहे. पण त्या यंत्रणेच्या वहीत दोनच रकाने उरले, 'ऑपरेशन लागेल' आणि 'चष्मा लागेल'. तिसऱ्या माणसाला लिहायला जागाच नाही, म्हणून त्याला 'काही नाही'त ढकललं जातं.

त्यात वेळ. २०१७ साली 'बीएमजे ओपन'मध्ये ६७ देशांतल्या डॉक्टर-भेटींच्या वेळांचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये एका रुग्णाला साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात दोन मिनिटांच्या आसपास. हा आकडा साध्या ओपीडीचा आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांचा वेगळा नाही. पण डोळ्यांच्या दवाखान्यात निम्मा वेळ बाहुली मोठी करायचे थेंब घालून बाकावर बसण्यात जातो हे ज्याने अनुभवलंय त्याला उरलेल्या वेळाचा हिशेब सांगायला नको.

मी कोलशेतला राहतो. कापूरबावडीहून ढोकाळीमार्गे खाडीकडे जाणारा रस्ता. एका बाजूला जुनं गावठाण, कोळी-आगरी घरं, गणपती विसर्जनाचा घाट, हवाई दलाचं ठाणं; दुसऱ्या बाजूला, जिथे एकेकाळी रसायनांचे आणि रंगांचे कारखाने होते त्या पट्ट्यात, तीस-तीस मजल्यांचे टॉवर. रस्ता एकच आहे पण 'काही नाही' दोन प्रकारे मिळतं.

गावठाणातल्या एका मावशींना, मासळी विकतात त्या, वर्षभर डाव्या डोळ्यापुढे जाळं येतं. त्यांना सांगितलं गेलं, "मावशी, वय झालं आता, काही नाही झालंय तुम्हाला." चष्म्याचा नंबर बदलून दिला. जाळं तसंच. मग त्यांनी अंगारा आणला, मग कुणीतरी सांगितलं म्हणून मध घातला डोळ्यात. डॉक्टरांनी "जेलीची गुठळी आहे, सावली पडते, जाणार नाही पण त्रासही देणार नाही" एवढं सांगितलं असतं तर मधाची बाटली उघडली नसती.

टॉवरमध्ये 'काही नाही' महाग असतं. इथे रविवारी क्लबहाउसमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिर लागतं. मोफत तपासणीनंतर सवलतीतली तपासणी, तिच्यानंतर पॅकेज. पडद्याचा स्कॅन, दृष्टिक्षेत्राची चाचणी, मग न्यूरोलॉजिस्ट, मग मेंदूचा एमआरआय. प्रत्येक टप्प्यावर उत्तर तेच: नॉर्मल, काही नाही. आणि प्रत्येक टप्प्यानंतर आमच्या मजल्यावरचा पस्तिशीचा आयटीवाला मुलगा आठ-दहा दिवस शांत झोपतो आणि अकराव्या दिवशी मोबाइल घेऊन बसतो. कारण त्याच्या डोळ्यापुढचा ठिपका अजून तिथेच आहे. रिपोर्ट म्हणतो ठिपका नाही. डोळा म्हणतो आहे. दोघांपैकी कुणीतरी चुकतंय, आणि ते कोण हे शोधायला पुढची तपासणी.

याला बहुतेक लोक 'शंकेखोर स्वभाव' म्हणतात. मी याला तर्कशुद्ध वागणं म्हणेन. माझ्या घरात पाणी गळतंय, प्लंबर येऊन म्हणतो "पाइप नॉर्मल आहे, काही नाही", आणि पाणी गळतच राहतं. मी दुसरा प्लंबर बोलावणार नाही का?

एमआरआयच्या बाबतीत अजून एक गोष्ट लोकांना सांगितली जात नाही. तपासणीने मन शांत होईलच असं नाही, कधीकधी ती नवीन काळजी हातात देते. हॉलंडमधल्या रॉटरडॅमला पंचेचाळिशीपुढच्या दोन हजार सर्वसामान्य माणसांच्या मेंदूचे एमआरआय काढले गेले. निष्कर्ष २००७ साली छापून आले. ७.२ टक्के लोकांच्या मेंदूत आधी कधीतरी रक्तपुरवठा तुटल्याच्या, त्यांना पत्ताही नसलेल्या खुणा होत्या. १.८ टक्क्यांना रक्तवाहिनीचा फुगवटा, १.६ टक्क्यांना साध्या गाठी. ही सगळी माणसं धडधाकट हिंडत होती. कारणाशिवाय, निव्वळ 'मनाची शांती' म्हणून एमआरआय लिहून देणाऱ्याने हे आकडे आधी रुग्णासमोर ठेवायला हवेत. मनाची शांती मागायला गेलेला माणूस 'तुमच्या तक्रारीशी संबंध नाही, पण एक छोटंसं काहीतरी दिसतंय, सहा महिन्यांनी परत बघू' हे वाक्य घेऊन घरी येतो. त्याचे पुढचे सहा महिने कसे जात असतील?

शिवाय ही भीती आभाळातून पडलेली नाही. मे २०२१ आठवा. करोनाची दुसरी लाट, मधुमेह, स्टेरॉइड, आणि त्यांच्यामागून आलेला म्युकरमायकोसिस. 'काळी बुरशी' हा शब्द आपल्या घराघरात त्या महिन्यात शिरला. केंद्राने राज्यांना तो नोंदणीयोग्य आजार जाहीर करायला सांगितलं. महाराष्ट्रात हजारो रुग्ण झाले आणि कित्येकांचा जीव वाचवायला डोळा काढावा लागला. एका गालावर सूज, डोळ्यामागे दुखणं, दुहेरी दिसणं, अशी लक्षणं तेव्हा व्हॉट्सॲपवर दिवसातून दहा वेळा फिरत होती. आणि ती माहिती बरोबर होती; वेळेवर ओळखून कित्येक जण वाचलेही. पण ज्या समाजाला एका उन्हाळ्यात सांगितलं गेलं की डोळा जरा दुखला तर धावत या, त्याच समाजाला पुढच्या उन्हाळ्यात 'इतकं काय घाबरता?' असं विचारायचा हक्क कुणाला आहे? मलाही मुंग्या त्याच वर्षापासून दिसतात. मी तीन ठिकाणी दाखवलं, तिन्हीकडे तीच तीन वाक्यं मिळाली. नाव मला वाचून वाचून सापडलं. मुंग्या गेल्या नाहीत, पण नाव कळल्यावर संध्याकाळी दिवा लावायची घाई करणं मात्र सुटलं.

पुढचं पाऊल याहून वाईट असतं. चौथ्या-पाचव्या फेरीला 'काही नाही'चं रूपांतर 'मनाचं आहे'त होतं.

हे वाक्य ठाण्यात उच्चारण्याला विशेष अर्थ आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. मराठीत कुणाची टिंगल करायची तर 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. आम्ही तर ठाण्यातच राहतो, आम्हाला कुठे पाठवणार? थोडक्यात, 'मनाचं आहे' हे ऐकणाऱ्याच्या कानात 'तू खोटं बोलतोस' आणि 'तू वेडा आहेस' यांच्या मधलं काहीतरी म्हणून पोचतं. तो मनाच्या डॉक्टरकडे जात नाही. तो सहाव्या नेत्रतज्ज्ञाकडे जातो.

आणि मुळात 'मनाचं आहे' म्हणताना सुरात जो हलकेपणा असतो, जणू काही ते कमी गंभीर आहे, त्याला तरी आधार काय? स्वीडनमध्ये आजाराच्या तीव्र भीतीचं निदान झालेल्या ४,१२९ लोकांची दोन दशकांहून जास्त काळाची नोंद तपासली गेली, २०२३ च्या डिसेंबरात ती प्रसिद्ध झाली. ही माणसं इतरांच्या तुलनेत सरासरी पाच वर्षं आधी वारली. आत्महत्येचं प्रमाण चौपट. हे अगदी तीव्र, नोंद झालेले रुग्ण आहेत; माझ्या शेजारच्या मुलाला हा आकडा लागू करू नये. पण ज्याला तुम्ही 'काही नाही' म्हणून दाराबाहेर पाठवता ते या टोकापर्यंत जाऊ शकतं.

चीड येते ती यामुळे की या भीतीवर उपाय आहे. इंग्लंडमध्ये हृदय, पोट, मेंदू, श्वसन वगैरे विभागांच्या ओपीडीत येणाऱ्या, आजाराच्या भीतीने पछाडलेल्या ४४४ रुग्णांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पाच ते दहा बैठका, त्यात विचारांची आणि सवयींची शिस्तशीर छाननी. फायदा पुढे काही वर्षं टिकला. त्या बैठका घ्यायला मोठे तज्ज्ञच लागले असंही नाही. प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकांनी त्या उत्तम घेतल्या. आपल्याकडे तर याची अपूर्वाई असायला नको. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यावर मराठीत बोलते आहे. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पण नेत्रतज्ज्ञाच्या टेबलावरून या दरवाजांपर्यंत जाणारा रस्ताच बांधलेला नाही. तिथून सुटलेला माणूस थेट गूगलच्या खड्ड्यात पडतो.

भीती दृष्टीचं काय करते हेही कुणी समजावत नाही. मेंदू डोळ्यातून येणारा बराचसा कचरा गाळतो. नाक सतत आपल्या नजरेत असतं, दिसत नाही. पण एखाद्या ठिपक्यावर 'धोका' अशी चिठ्ठी लागली की मेंदू तो गाळायचं थांबवतो. मग माणूस सकाळी उठल्या उठल्या छताकडे बघतो, ठिपका आहे का? एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. बाल्कनीतून खाडीवरच्या पांढऱ्या आभाळाकडे. दिवसातून चाळीस वेळा तपासलेला ठिपका कमी कसा दिसेल? 'लक्ष देऊ नका' हा सल्ला म्हणूनच कुचकामी. लक्ष कुठे द्यायचं हे सांगितलं तर लक्ष हलतं, आणि चिठ्ठी काढून टाकायला आधी धोका का नाही हे कळावं लागतं.

सॅम्युएल पेपिस या इंग्रजाने जगातली एक अतिशय गाजलेली रोजनिशी लिहिली. डोळे दुखायचे, वाचताना पाणी यायचं, आपण आंधळे होणार अशी त्याची खात्री झाली. ३१ मे १६६९ रोजी त्याने रोजनिशी बंद केली. तो त्यानंतर ३४ वर्षं जगला आणि आंधळा झाला नाही. त्याच्या काळात कुणी त्याच्या डोळ्यात डोकावू शकत नव्हतं, चष्मे बेताचे होते, तेव्हा त्याच्या डॉक्टरांना माफ करू. आमच्या रस्त्यावर ज्यांनी रात्री गाडी चालवणं सोडलं, शिवणकाम सोडलं, नातवाला गोष्टी वाचून दाखवणं सोडलं, त्यांच्या डॉक्टरांना कुठल्या हिशेबाने करायचं?

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप मी डॉक्टर मित्रांकडून ऐकले आहेत. पहिला असा, की नाव दिलं की माणूस ते नाव धरून बसतो. आज त्याला ठिपका दिसतोय, उद्या तो व्हिज्युअल स्नोच्या गटांत जाऊन आणखी चार लक्षणं घेऊन येईल. यात तथ्य आहे. नुसतं नाव फेकलं तर तसंच होतं. पण तुम्ही नाव दिलं नाहीत तरी तो शोधणारच आहे, आणि त्याला जे नाव सापडेल ते ट्यूमर असेल. दुसरा आक्षेप: नॉर्मल म्हणून सोडून दिलेल्यात एखादा खराच आजार निघाला तर? हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा आहे. डोळ्याच्या मज्जातंतूला सूज येते तेव्हा सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत डोळ्याच्या आत पाहिलं तर सुरुवातीला सगळं नॉर्मलच दिसतं. ती जुनी टवाळी या आजाराला अजूनही लागू आहे. अचानक माश्यांचा थवा दिसू लागलेल्यांत शंभरात दहा-पंधरा जणांच्या पडद्याला खरोखर चीर गेलेली असते. ज्याला 'काही नाही, येऊ नका' सांगून पाठवलं तो त्या दिवशी येणार नाही, किंवा याआधी नको तेव्हा इतक्यांदा आलेला असेल की कुणी लक्ष देणार नाही. कधी धावत यायचं हे ज्याला माहीत असतं त्याला उरलेला वेळ घरी बसता येतं.

तर डॉक्टरांनी म्हणायचं काय? मी लिहूनच देतो.

"तुम्हाला जे दिसतंय ते खरंच दिसतंय, तुम्ही कल्पना करत नाही. मी बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत पाहिला, मज्जातंतू पाहिला, डोळ्यातला दाब पाहिला. पडद्याला चीर नाही, सूज नाही. तुम्ही सांगताय त्यावरून हे फ्लोटर्स आहेत. डोळ्यातल्या जेलीत गुठळ्या होतात, त्यांची सावली पडते. बहुतेक वेळा या गुठळ्या जात नाहीत, पण काही महिन्यांत मेंदू त्यांना विसरायला शिकतो. तुम्ही रोज तपासत राहिलात तर त्याला विसरता येणार नाही, म्हणून भिंतीवर, आभाळाकडे मुद्दाम शोधणं बंद करा. आता हे नीट ऐका. अचानक ठिपक्यांचा पाऊस पडला, कडेला विजा चमकल्या, पडदा ओढल्यासारखा काळोख आला, एका डोळ्याचं दिसणं काही मिनिटांसाठी जरी गेलं, डोळा हलवताना दुखून अंधुक झालं, किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी या, रात्र झाली तरी या. यातलं काही नसेल तर सहा महिन्यांनी एकदा दाखवा, मध्ये नको. आणि या काळजीने झोप उडाली असेल, काम होत नसेल, तर तो वेगळा त्रास आहे, डोळ्याइतकाच खरा, त्याच्यावरही उपचार असतात. मी इथे एक नंबर लिहून देतो."

हे मी घड्याळ लावून, घाई न करता मोठ्याने वाचून पाहिलं. दोन मिनिटांच्या आत संपतं. तरी एवढा वेळ नाही म्हणणारे असतील. त्यांच्याकडे बाहेरच्या खोलीत चष्म्याचा नंबर काढणारी एक मुलगी असते, ऑप्टोमेट्री शिकलेली, थेंब घालून बसलेल्या माणसांशेजारी अर्धा तास ती तशीही ये-जा करत असते. हा मजकूर मराठीत एका कागदावर छापून, डॉक्टरांनी जे पाहिलं त्यावर खूण करून, तिच्या हातात द्यायला कितीसा खर्च येतो? कोलशेतच्या झेरॉक्सवाल्याकडे एका पानाचे दोन रुपये पडतात. मावशींना तो कागद मी वाचून दाखवेन.